मिलिंद, तो ट्यूनर तू सुमेधबरोबर घेतलास

मंगळवारी सकाळी नागपूरच्या रुग्णालयात तू वारलास. मेंदूत रक्तस्राव झाला होता. यवतमाळला बातमी दुपारच्या आधी पोहोचली आणि संध्याकाळी तुला घरी आणलं.

मी दैनिकाच्या डेस्कवर असतो, त्यामुळे तुझी निधनवार्ता माझ्याच टेबलावर आली. वय, शाळेतली लेखनिकाची नोकरी, ऑर्केस्ट्रातली गिटार, मागे पत्नी आणि मुलगी, अंत्ययात्रेची वेळ. एका कॉलमात सगळं बसलं. तिथे छापलं ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे तुला उद्देशून आहे आणि विषय एकच आहे. गिटार आणि बास स्टेजवर सुरात लावायला पायाने दाबायचा ट्यूनर असतो. तो आपण दोघांनी मिळून निवडायचा होता. तू तो दुसऱ्या माणसाबरोबर जाऊन घेतलास. त्याचा राग कधीच गेला. हेवा गेलेला नाही, आणि तू गेल्यावरही तो तसाच आहे, म्हणून लिहितो.

ट्यूनर येण्याआधी ते काम तू करायचास. मी बास गिटार वाजवायचो, पण माझा कान बेताचा. गाणं चाललेलं असताना बास उतरला आहे हे मला कळायचं, पण खुंटी कोणत्या बाजूला फिरवायची हे कळायचं नाही. मी घरी रोज सराव करायचो, तू करायचा नाहीस. तरी सूर तुझ्याकडे आपणहून यायचा. मांडवात जनरेटर धडधडत असायचा, बाजूच्या चौकातला लाउडस्पीकर वेगळंच गाणं वाजवत असायचा, संयोजक माइकवरून हरवलेल्या मुलाचं नाव सांगत असायचा. अशा गोंगाटात तू आधी तुझी गिटार लावायचास, मग माझ्याकडे यायचास.

"वाजव," म्हणायचास.

मी जाड तार छेडायचो. तू वाकून माझ्या बासच्या वरच्या शिंगाला, त्या पुढे आलेल्या लाकडाला, दात लावायचास. एका हाताचं बोट कानात, दुसरा हात खुंटीवर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मागे सरकलो होतो.

"हालू नको बे. लाकडातून सूर सिध्धा हाडात येते. कानाचं कामच नाई."

आपला ढोलकीवाला प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "मिलिंदभाऊले भूक लागली वाट्टे. जेवण द्या रे कोणी, नाई तं बास खाते हा." बासच्या पॉलिशवर तुझ्या दातांच्या बारीक खुणा पडल्या होत्या. दोन मिनिटांत तू सरळ व्हायचास, मान हलवायचास आणि आपल्या जागी जायचास. त्या दोन मिनिटांत मला तुझा हेवा वाटायचा, आणि ती संपू नयेत असंही वाटायचं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

माझा बास मला स्वतःला लावता यावा म्हणून ट्यूनरचा विषय मीच काढला. पुण्याच्या एका सहकाऱ्याकडून हातात धरायचं छोटं मशीन आणलं. सूर बरोबर लागला की त्यावर हिरवा दिवा लागायचा. त्या वर्षी एप्रिलातल्या जयंतीचा पहिला कार्यक्रम दारव्ह्याला होता. मी हिरव्या दिव्यावर बास लावला. मला बरं वाटावं म्हणून तूही गिटार मशीनवरच लावलीस.

आपल्या ऑर्केस्ट्रात सगळी वाद्यं वानखडे काकांच्या पेटीवर लावायची रीत होती. काका पेटी वाजवायचे आणि मुख्य गायकही तेच. त्यांची पेटी जुनी, कधीतरी दुरुस्तीत तिचा सूर थोडा वर चढलेला. काकांचा गळा त्या सुरावर बसला होता आणि आपण सगळे त्यांच्या मागे. पेटी प्रमाणाच्या वर आहे हे आपल्यापैकी कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण तिच्या शेजारी प्रमाण म्हणून कधी काही ठेवलं नव्हतं. वंदना सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला पेटी एकीकडे, आपण दोघं दुसरीकडे. काकांनी बोट पट्टीवरच ठेवलं आणि मान वळवली.

"पोट्टेहो, तुमची मशीन बरोबर असन. मंग मी इतके वर्षं चुकीचा गाऊन राह्यलो काय?"

माइक चालू होता. पुढच्या रांगेतल्या बाया हसल्या. तू गाणं न थांबवता, ओळींच्या मधल्या जागेत, एकेक करून सहाही तारा पेटीवर आणल्यास. कोणाला कळलं नाही, मला कळलं. मी ते संपूर्ण गाणं केसभर खाली वाजवत राहिलो. गाणं संपल्यावर तू आलास, वाकलास आणि लाकडाला दात लावलेस.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा आपण एकाच विषयावर भांडलो. छापखान्यासमोरच्या टपरीवर, सायबर कॅफेतून काढलेले कागद समोर पसरून. ज्याला कोणाला पुढे असा ट्यूनर घ्यायचा असेल त्याच्या उपयोगी पडतील म्हणून आपल्या अटी नोंदवतो.

तुझी पहिली अट, मूळ सूर बदलता आला पाहिजे. साधं मशीन सेकंदाला चारशे चाळीस कंपनांच्या प्रमाण सुरावर कायमचं बसवलेलं असतं. काकांच्या पेटीसाठी ते वर नेता यायला हवं. माझी पहिली अट, बासची जाड तार त्याने लगेच ओळखली पाहिजे. हलक्या मशीनची सुई त्या तारेवर भिरभिरते. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, बोट नुसतं टेकवून वरचा सूर काढावा लागतो, तेव्हा कुठे ते सुराचं अक्षर दाखवतं. माझी दुसरी अट उन्हाची होती. आपले निम्मे कार्यक्रम भर दुपारी, अर्ध्या मांडवात. तिथे दिवे दिसले नाहीत तर मशीन आणि वीट यांत फरक नाही. तुझी दुसरी अट लोडशेडिंगची. जनरेटरच्या विजेवर विश्वास नको, सेलवर चाललं पाहिजे. शिवाय मशीन बंद असताना गिटारचा आवाज जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे, बोथट होता कामा नये, यावर तू अडून होतास. आणि पायाने दाबलं की आवाज पूर्ण बंद, तारा लावताना लोकांना काही ऐकू जायला नको, यावर आपलं एकमत होतं.

सुई हवी की धावते दिवे, यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

"सुई पाह्यली का माणूस आयकाचं सोडते," तू म्हणालास.

"मले आयकूच येत नाई तं सोडू काय?"

तू चहा कपात परत येईपर्यंत हसलास. टपरीवाल्याने विचारलं, काय झालं. तू म्हणालास, "काही नाई, पत्रकार खरं बोलला."

एक गोष्ट मात्र वादाशिवाय ठरली होती. दोघांत एकच घ्यायचा आणि तो स्टेजवर दोघांच्या मध्ये ठेवायचा. आधी तुझी वायर, ती काढून मग माझी. म्हणजे बास वाजवणाऱ्याने तुझ्या उजव्या हाताला, एका पावलावर उभं राहायचं. ती जागा माझी आहे असं मी धरून चाललो होतो. तसं कोणी म्हटलं नव्हतं.

नागपूरला जायचा रविवार ठरला. तेव्हा मी वार्ताहर होतो. त्या वर्षांत कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीमागे जिल्ह्यात सतत कोणीतरी यायचं. समिती, पुढारी, वाहिन्यांच्या गाड्या. शनिवारी दुपारी संपादकांनी सांगितलं, दिल्लीचं पथक येतंय, उद्या राळेगाव. मी तुला फोन केला आणि म्हणालो, पुढच्या रविवारी जाऊ. तू "बरं" म्हणालास. तुझा शब्द तेवढाच होता. मी तो होकार धरला.

सोमवारी वानखडे काका जाहिरात द्यायला कार्यालयात आले.

"अवि, ट्यूनर झकास आणला बे तुम्ही. माह्या पेटीवर फिट बसला."

"आम्ही?"

"तू नव्हता काय? हो, सुमेध गेलता नाई का संगं."

सुमेध दिग्रसचा. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायचा आणि लग्नसराईत बास वाजवायचा. आपल्यापेक्षा लहान. मी अडकलो की कधीमधी माझ्या जागी यायचा. वाईट वाजवत नव्हता. हे वाक्य मी तेव्हा कोणापुढे उच्चारलं नव्हतं.

संध्याकाळी तुझ्या घरी आलो. तू ट्यूनर फरशीवर ठेवलास. राखाडी रंगाचा, धातूचा, वहीच्या अर्ध्या आकाराचा.

"पाय ठेवून पाह्य."

"बरा आहे."

"नुसता बरा?"

"उन्हात पाह्यला काय?"

"सुमेधनं दुकानाच्या बाहीर नेऊन पाह्यला, भर बर्डीच्या रस्त्यावर. दुकानदार मांगं पयत आला. त्याले वाटलं, पोट्टा घेऊन चालला."

मीही हसलो. उन्हाची अट माझी होती. ती पूर्ण होते की नाही हे उन्हात उभं राहून दुसऱ्याने तपासलं होतं. जाड तारही तपासली होती, दुकानातल्या बासवर, सुमेधच्या बोटांनी. मूळ सूर बदलता येत होता, सेल होता, आवाज बंद होत होता. सुईही होती आणि धावते दिवेही. हवं ते निवडायचं. आपण दोन ऋतू ज्यावर भांडलो ते त्या मशीनने एका बटणात मिटवलं होतं. त्यात खोट काढायला मी जागा शोधत होतो. सापडली नाही.

"एक रविवार थांबला असता तं?" मी म्हणालो.

"कार्यक्रम थांबते काय बे? तुले टाइम नसते तं मी काय करू?"

"मले ड्यूटी होती."

"मले मालूम हाय. म्हणूनच इचारलं नाई."

वहिनी चहा घेऊन आल्या. तो वाद तिथे थांबला. पुढे कधी सुरू झाला नाही. तुझ्या शेवटच्या वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो: तू मला त्रास द्यायचं टाळलंस, किंवा मला मोजायचं सोडून दिलंस. यातलं कोणतं, हे विचारायला बरीच वर्षं हातात होती.

मला कोणी ऑर्केस्ट्रातून काढलं नाही. बातम्यांसाठी माझे दौरे वाढले, मी येऊ शकलो नाही, सुमेध येत गेला. एके दिवशी कार्यक्रमपत्रिकेत बासपुढे त्याचं नाव छापून आलं. ते प्रूफ मीच तपासलं होतं. शुद्धलेखन बरोबर होतं.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावचा कार्यक्रम तुला आठवत असेल. मी बातमीसाठी आलो होतो, तुला ठाऊक नव्हतं. त्या गावात आठवड्याभरापूर्वी एका शेतकऱ्याचा तसाच मृत्यू झाला होता. त्या वर्षांत कार्यक्रमाची सुरुवात बहुतेक गावांत श्रद्धांजलीनेच व्हायची. माणसं उभी राहिली. मी स्टेजच्या खाली, डाव्या बाजूला. सगळ्यांच्या माना खाली होत्या, तशी माझीही, म्हणून माझी नजर तुमच्या पायांवर गेली. तू पायाने ट्यूनर दाबलास. दिवे लागले. तू एकेक तार लावलीस, अजिबात आवाज न होता. मग वायर काढलीस आणि तुझा हात बाजूला झाला, तसा सुमेधचा हात त्याची वायर घेऊन तिथे आला. तुम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. लोक खाली बसले, काकांनी पेटीवर हात ठेवला आणि पहिल्या घावाला तिन्ही वाद्यं एका जागी होती.

मी उपस्थितांची नावं लिहून घेतली. बातमी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर आली. तुमच्या हातांची ती अदलाबदल बातमीत बसणारी नव्हती. मला त्या कार्यक्रमातलं आज तेवढंच लख्ख आठवतं.

कार्यक्रम संपल्यावर तू खाली आलास.

"काहून उभा हाय बे खाली? वर याचं ना."

"बातमी पाठवायची आहे."

"बातमी काय पयून जाते?"

सुमेध मागे वायरी गुंडाळत होता. मला वाटत होतं, तू म्हणशील, घे त्याचा बास, एक गाणं वाजव. तू म्हणाला नाहीस. मी मागितला नाही. मी मागावं म्हणून तू थांबला होतास का, याची खात्री करता येत नाही. तू थोडा वेळ तिथेच उभा राहिलास, एवढं खरं. मग काकांनी हाक मारली.

मिलिंद, तुझं देणंही नोंदवायला हवं. तुझ्यामुळे मला एक सवय लागली. गोंगाट असला की मी एका गोष्टीला टेकतो आणि तिच्यातून ऐकतो. डेस्कवर सगळे फोन एकदम वाजत असतात तेव्हा मी एकच बातमी पुढे घेतो आणि ती संपेपर्यंत मान वर करत नाही. हे मला संपादकांनी शिकवलं असं लोक समजतात. तुझं नाव मी कधी घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर दात लावायचा प्रकार सांगावा लागला असता, आणि तो मला वाटून द्यायचा नव्हता. ते माझ्या बासपुरतं होतं आणि ट्यूनर आल्यावर संपलं, असं मी धरून चाललो होतो.

गुरुवारी तुझ्या घरी आलो. पुढच्या खोलीत काका, दोन शेजारी आणि सुमेध बसलेले. सुमेधचे डोळे सुजले होते. तो रडला होता आणि ते लपवत नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला. तो काकांना सांगत होता.

"मशीनचा दिवा हिरवा झाला ना, तरी भाऊ एकडाव दात लावून पाहेतच. म्हणे, मशीननं सांगतलं ते ठीक हाय, मले सोताले पाहू दे. माह्या बासचं शिंग पाहा तुम्ही, सगळं पॉलिश गेलं."

काकांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घरी खोळीत ठेवलेल्या बासवर ज्या खुणा आहेत त्याच दिग्रसच्या बासवरही आहेत, आणि तिथल्या जास्त खोल असणार, कारण ती वर्षं जास्त आहेत.

ट्यूनर कोपऱ्यात तुझ्या गिटारच्या पेटीवर ठेवला होता. मी त्यासाठीच आलो होतो. हे आधी ठरवून आलो होतो, आणि सुमेधचं बोलणं ऐकल्यावर तो मला जास्तच हवासा झाला. वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, गिटार घरात राहू द्या. तो ट्यूनर मला हवा आहे."

त्यांनी ट्यूनरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही वाजोता काय भाऊजी आता?"

"नाही."

"मंग?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मी आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेतली आहेत. मी पाण्याचा पेला हातात घेतला आणि ट्यूनरकडे पाहिलं.

"अविदादा, न्या ना तुम्ही," सुमेध म्हणाला. "मी पाहीन माह्यं काही."

तो मनापासून म्हणाला. ते ऐकणं सर्वांत कठीण गेलं.

"तू काय पाहशीन?" वहिनी त्याला म्हणाल्या. "शनवारी दिग्रसले कार्यक्रम हाय ना तुमचा? तू ने." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हाले त्यायचा फोटो देऊ काय एखादा? तुमच्या पेपरात चांगला आला नाई."

मी फोटो घेतला. तो स्टेजवरचा आहे. त्यात तू खाली पाहतो आहेस, फ्रेमच्या बाहेर, उजवीकडे. तिथे कोण उभं होतं ते फोटोवरून सांगता येत नाही. तारीख नाही.

सुमेधने ट्यूनर त्याच दिवशी एसटीने दिग्रसला नेला. शनिवारचा कार्यक्रम आधी ठरलेला असल्याने रद्द केला नाही. मी गेलो नव्हतो. रविवारी काकांना फोन करून विचारलं. सुरुवातीला तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले. त्या वेळात सुमेधने बास लावून घेतला. गिटार कोणी वाजवली नाही.